देवाला अरेतुरे

रविवारी सकाळी कापड कापायचं लांब टेबल भिंतीशी सरकवलं की शिंप्याच्या त्या दुकानात प्रार्थनेला बसण्यापुरती जागा व्हायची. वडील गेल्यानंतरचा हा पहिलाच रविवार. टेबल सरकवायला आत्यानं शिंप्याच्या लेकीला हात दिला. दोघींनी एकमेकींकडे पाहायचं टाळलं.

मंडळी स्टुलांवर टेकतात न टेकतात तोच सरकारी साहेब दारात उभे राहिले. मागे दोन शिपाई.

"म्हातारा हट्टी होता," साहेब म्हणाले. "सांगून सांगून थकलो. तू शहाणी दिसतेस. यांना मोठ्यानं सांग, आजपासून इथली प्रार्थना बंद. नाहीतर दुकानाला सील."

तिनं भिंतीकडे पाहिलं. अर्धवट शिवलेले कोट खुंटीला टांगलेले होते. घर त्यांच्यावरच चालायचं. मोठ्यानं प्रार्थना करायचे ते बाबा. ती आपली मान खाली घालून ऐकायची. मंडळींकडे वळली तेव्हासुद्धा काय बोलायचं हे ठरलेलं नव्हतं.

"देवा, बापा," ती म्हणाली, "तू आमच्या बाबांना इतकी वर्षं आमच्यात ठेवलंस, तुझे आभार. आत्ता मला फार भीती वाटतेय, ते तू बघतोच आहेस. आणि हे साहेब आलेत, त्यांनाही सांभाळ. त्यांच्या घरी सगळे सुखरूप असू देत."

"बस्स!" साहेब ओरडले. "मला सांभाळायला सांगतेस? आणि हे काय, देवाला अरेतुरे आणि मला अहो-जाहो?"

"तो घरचा आहे, साहेब. तुम्ही परके."

"मानपान पाहुण्यांचा असतो," कोपऱ्यातून आत्या म्हणाली. "घरच्यांचा कोण करतंय?"

एक शिपाई फिसकन हसला आणि लगेच खोकला.

"शेवटचं विचारतो. सांगतेस की नाही?"

"नाही, साहेब. ते माझ्या तोंडून निघायचं नाही."

सगळ्यांना रस्त्यावर काढलं. शिपाई कुलूप घेऊन पुढे झाला, मग घुटमळला. "साहेब, शिलाई मशीन?"

साहेबांनी तोंड फिरवलं. "नेऊ दे तिला. कोटही नेऊ दे."

"उपकार झाले," ती म्हणाली, आणि ते अगदी मनापासून होतं. दाराला सील लागलं.

"माझ्या स्वयंपाकघरात चला," आत्या मंडळींना म्हणाली. "स्टुलं नाहीत. खाली बसू, दाटीवाटीनं."

मशीन जड होतं. एका बाजूनं आत्यानं धरलं, दुसऱ्या बाजूनं तिनं. कोट बाकीच्यांनी हातांवर घेतले. भीती अजून गेली नव्हती आणि तरी पाय पुढे पडत होते. बाबांनाही दर वेळी असंच होत असणार. त्यांना भीती वाटतच नाही, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. आज खरं काय ते कळलं, आणि मशीनचा भार सावरता सावरता तिनं त्याबद्दलही देवाचे आभार मानले.