टाकी धुतल्याशिवाय

त्या सोमवारीही उत्तरा बसमध्ये पुढे बसली आणि बाबा मागच्या बाकावर. घाटकोपर ते मरोळ, पाऊण तास बापलेक एकमेकांना ओळखत नसत. स्टॉपवर ती चटचट पुढे जाई. बाबा पानाच्या टपरीपाशी तंबाखू मळत पाच मिनिटं घालवत आणि मग ऑफिसात शिरत. आत शिरले की ते फक्त काशीराम.

हा नियम बाबांचाच. संपानंतर गिरणी सुटली. चार वर्षं मिळेल ते काम केल्यावर ठेकेदाराने त्यांना कॉम्प्युटरच्या मशीनरूममध्ये माहिती साठवायच्या टेपा चढवायला नेमकं लेकीच्याच कंपनीत धाडलं. तेव्हा ते म्हणाले होते, "तू थंय सायबीण. तुझो बापूस हमाल, ह्या कोणाक कळूचा नाय." यावर 'असं काय बोलता बाबा' म्हणायला हवं होतं. उत्तरा मेथी निवडत राहिली. लग्नाने आडनाव बदललेलंच होतं. पुढचं सगळं सोपं गेलं.

सोपं गेलं ते मागच्या महिन्यापर्यंत. बाबांना इंग्रजी वाचता येत नसे. पडद्यावर हिरव्या ओळी सरकत, त्यातली कुठली 'झालं' म्हणते आणि कुठली 'बिघडलं', हे त्यांनी ओळींच्या लांबीवरून ओळखायला घेतलं होतं. एकदा फसले आणि अर्धवट भरलेली टेप काढून बसले. जयवंतसाहेब माणूस वाईट नव्हता, पण तोंड सुटलं की सुटलं. "अरे अंगठाबहाद्दर, वाट लावलीस ना सगळ्याची!" सगळी खोली हसली. दोन टेबलं सोडून बसलेल्या उत्तराने मान वर केली नाही.

त्यानंतर ती जेवणाच्या सुट्टीत थांबू लागली. मशीनरूममध्ये रंगीत पडद्याचं एक नवं टर्मिनल आलं होतं, आणि त्याच्या जाड पुस्तकात शेवटी शेवटी तिला हवं ते सापडलं होतं: मजकुराच्या आधी एक ठरावीक खूण छापली की अक्षरं रंग घेतात. खुणेत एकतीस आकडा घातला तर लाल, बत्तीस घातला तर हिरवा. टेप भरण्याच्या आज्ञांची स्क्रिप्ट तिनेच लिहिलेली होती. ती उघडून तिने बिघाडाच्या ओळीला लाल रंग दिला. हिरवा उद्यावर ठेवला.

त्या सोमवारी दुपारी तपासण्यासाठी तिने टेप न चढवताच स्क्रिप्ट चालवली. बिघाडाची ओळ लालभडक उमटली. ती मनाशीच हसली, बाबांना टेप चढवायला सांगून जागेवर गेली. वीस मिनिटांनी हाक आली.

"मॅडम, जरा येतास?"

पडदा पूर्ण लाल होता. तारीख लाल, फायलींची नावं लाल, शेवटी लुकलुकणारी खूणसुद्धा लाल. बाबा हात पाठीमागे बांधून उभे होते. टेपेला त्यांनी बोट लावलं नव्हतं. उत्तराने ओळी वाचल्या. टेप व्यवस्थित भरली होती.

"काम झालंय. पण हे सगळं लाल का होतंय..."

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. बाबांनी दाराकडे एकदा पाहिलं. तीस वर्षं ते गिरणीच्या रंगखात्यात होते.

"बाय गो, टाकी धुवूक इसारलंस. लाल काढल्यावर टाकी धुतल्याशिवाय दुसरो तागो घालूचो नाय. लाल लागता."

तिने पुस्तक चाळलं. होतं तसंच. रंग संपला की शून्याची खूण छापायची, म्हणजे पुढचा मजकूर कोरा, बिनरंगी. ती तिने घातली, टेप उतरवून स्क्रिप्ट पुन्हा चालवली. एकच ओळ लाल, बाकीच्या स्वच्छ.

"हां, आता झकास," बाबा म्हणाले. मग हळूच, "ह्या माझ्यासाठी केलंस?"

"सगळ्यांसाठीच," उत्तरा म्हणाली.

मंगळवारी पहाटे दात घासताना बाबा मोरीतच कोसळले. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

चौदा दिवसांनी ती ऑफिसात आली. शेजारच्या टेबलावरच्या कुंदाने तिचा हात हातात घेतला, चहा मागवला. "वडील म्हणजे आधार असतो गं. आजारी होते का?" मग आवाज उतरवून, "आणि कळलं का? आपला काशीरामपण गेला. त्याच आठवड्यात. ठेकेदाराचा माणूस सांगून गेला. बिचाऱ्याच्या घरी जायचं म्हटलं तर पत्तासुद्धा नाही कुणाकडे."

उत्तराने कप खाली ठेवला. दोन मरणांचं दुःख तिला एकाच चहावर सांगितलं जात होतं.

तेवढ्यात जयवंतसाहेब आले. दोन शब्द नीट बोलले, घुटमळले. "सावकाश कर, घाई नाही. पण ती टेपेची स्क्रिप्ट दुसऱ्या शाखेत पाठवायचीय. त्यातले ते रंगबिंग काढून टाक. तिथे सगळे वाचणारे आहेत. आपल्याकडे काशीराम होता म्हणून ठीक होतं."

"रंग राहू देत, साहेब."

"का गं?"

"लालनंतर शून्य घालायचं त्यांनी दाखवलं. मी विसरले होते."

"कोणी? काशीरामने?" साहेब हसणार होते, तिचा चेहरा पाहून थांबले.

उत्तरा उभी राहिली. आवाज एवढा मोठा येईल असं तिला वाटलं नव्हतं. मशीनरूमच्या दारापाशी उभ्या ठेकेदाराच्या नव्या माणसानेही मान वळवली.

"पत्ता माझ्याकडे आहे, कुंदा. काशीराम माझे बाबा होते."