दर मिनिटाची राखण

मावशीने फोन फक्त आपटायचा बाकी ठेवला होता. "भिंगरे, हे वाच आधी! संध्याकाळी सहाच्या आत वापर कमी झाला नाही तर खातं बंद म्हणे. आणि उद्या सकाळी माझ्या शिवणवर्गाची नोंदणी!"

भिंगरी म्हणजे तिची भाची. वय पंधरा, आणि घरात होस्टिंगमधलं, म्हणजे कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरवर साइट ठेवण्यातलं, कळणारी एकमेव व्यक्ती. निदान तिचं स्वतःचं तसं ठाम मत होतं. खातं एकच, साइटी दोन: एक मावशीच्या वर्गाची, दुसरी मामाच्या आभाळाच्या फोटोंची. शिवाय तो सर्व्हरही काही त्यांच्या एकट्याचा नव्हता. एका इमारतीत पन्नास बिऱ्हाडं आणि गच्चीवर टाकी एकच, तसला कारभार. एकाने नळ सोडून ठेवला की बाकीचे कोरडे. म्हणून कंपनी प्रत्येकाच्या नळावर डोळा ठेवते आणि अति झालं की तोटीच बंद करते.

भिंगरीने लॅपटॉप उघडला. प्रोसेसरच्या वापराची रेघ गेला आठवडाभर वरच्या लाल पट्टीला डोकं टेकवून बसली होती.

"दुसरं कोण असणार?" मावशी म्हणाली. "दादाचे ढग!"

मामा खिडकीपाशी बसला होता. चाळीस वर्षं त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या, म्हणजे चाळीस वर्षं अंधाऱ्या चौकोनी विहिरीत काढली. निवृत्त झाल्यापासून तो रोज सकाळी आठला याच खिडकीतून आभाळाचा एक फोटो काढायचा, साइटवर चढवायचा आणि कॅमेऱ्यातून पुसून टाकायचा. अकरा वर्षं. चार हजार फोटो. दुसरी प्रत कुठेच नाही.

"रोज तेच तर आभाळ, दादा!"

"तुझी सगळी झबली सारखीच असतात का गं?"

"हो! फक्त माप बदलतं!"

भिंगरीने डॉक्टरीणबाईंच्या थाटात निदान केलं. "मामा, फोटोच जड झालेत. जुने अर्धे काढावे लागतील."

मामाने खिशातून फोन काढला. मग म्हणाला, "तुला कळतं ना, मग झालं." आणि आपल्या फोनवर पहिल्या वर्षापासून एकेक फोटो उघडून, नीट पाहून पुसायला लागला. तक्रार नाही, काही नाही. त्याने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

तासाभरात रेघ जराशी खाली आली.

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" मावशीचा चेहरा उजळला.

खरं तर भिंगरीनेही कॉलर ताठ करायला हवी होती. पण तिच्या मनात काहीतरी खुपलं. कपाटात पडलेली रजई जागा अडवते, पण जेवायला मागत नाही! फोटो नुसते पडून असतील तर जागा खातील, प्रोसेसर कशाला खातील? आणि जागा तर अजून निम्मी मोकळी होती. मग जेवतंय कोण?

तिने चालू कामांची यादी उघडली. एकोणीस ओळी. एकोणीसच्या एकोणीस ओळींवर एकच नाव: राखण.

भिंगरीने ते नाव पुन्हा वाचलं. राखण तिची होती. गेल्या रविवारी मोठ्या हौसेने तिनेच लिहिलेला छोटा प्रोग्राम. दर मिनिटाला राखणीने जायचं, मामाचा प्रत्येक फोटो उघडायचा आणि तो धड आहे ना ते बघून यायचं. पण चार हजार फोटो एका मिनिटात बघून होतात थोडेच? पहिली फेरी संपायच्या आत दुसरी निघायची, तिच्या मागून तिसरी. फोटो कमी झाले म्हणून फेऱ्या थोड्या आटोपल्या, एवढंच. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

आता गुपचूप राखण बंद केली असती तर रेघ उतरली असती, ढगांवर खापर फुटलं असतं आणि भिंगरी हुशारची हुशार राहिली असती. हा विचार आला तिच्या मनात. अगदी आला. पण मामाचं बोट पुन्हा फोनवर टेकत होतं.

"मामा, थांब! पुसू नकोस! तुझे ढग नाहीत, मी आहे!"

"तू काय आहेस?" मावशी.

"मीच खातेय सगळं!" आणि तिने रडत, नाक पुसत सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे डॉक्टरच रोग!" मावशीने कपाळावर हात मारला.

भिंगरीने राखण थांबवली. बघता बघता रेघ कोसळली. "लिफ्टसारखी आली खाली," ती पुटपुटली.

"लिफ्ट अशी येत नसते," मामा म्हणाला. "तिला ब्रेक असतात."

भिंगरीने कंपनीला तसं कळवलं आणि पुसलेले फोटोही परत मागितले. पाचच्या सुमारास कंपनीचं उत्तर आलं: खातं चालू राहील. पण मामाने पुसलेले एकशे बारा फोटो परत मिळणार नव्हते. त्यांच्या स्वस्तातल्या खात्याची राखीव प्रत कंपनी ठेवतच नव्हती.

"मामा, मी काय करू?"

मामाने तिच्याकडे पाहिलं आणि खुर्ची तिच्या शेजारी ओढली. "मी एकेक बघूनच पुसलाय. तू लिही."

भिंगरीने पुसलेल्या पहिल्या फोटोच्या तारखेचं रिकामं पान उघडलं.

"त्या दिवशी नुसतं निळं होतं," मामा म्हणाला. "एकही ढग नाही. वर बघितलं आणि कुठे छतच नव्हतं."

"काहीतरीच!" मावशी स्वयंपाकघरातून ओरडली. "त्या दिवशी माझ्या चादरी भिजल्या होत्या!"

"दुपारी भिजल्या. मी सकाळचं सांगतोय."

भिंगरीने दोन्ही लिहून घेतलं.