फळ्याचा फोटो

डेल्फिन टीचरांना मोबाईलचा इतका तिटकारा होता की स्वतःचा फोनसुद्धा त्या पर्सच्या तळाशी रुमालात गुंडाळून ठेवत, आणि तो वाजला की दचकत. वसईतल्या त्या मराठी शाळेत त्या सव्वीस वर्षं गणित शिकवत होत्या. वर्गात फोन सापडला तर जप्त, आणि आईबापांपैकी कुणीतरी येऊन सही केल्याशिवाय परत नाही, हा नियम त्यांनीच हट्टाने करवून घेतला होता. पोरं त्यांना टरकून असायची. टीचरांना ते आवडायचं, खोटं कशाला बोला!

अशा टीचरांच्या तासाला नववीतल्या प्रिन्सीने बाकाखालून हळूच फोन वर काढला आणि फळ्याचा फोटो घेतला. मग तो फोन नाकाला चिकटेल इतका जवळ धरून ती दोन बोटांनी चित्र मोठं करू लागली. टीचर मागून आल्या त्याचा तिला पत्ताच लागला नाही. पुढच्याच क्षणी फोन टीचरांच्या हातात होता.

"टीचर, फळ्यावरचं दिसत नाही म्हणून घेतला," प्रिन्सी म्हणाली.

"मग चष्मा लाव."

"चष्म्याने होत नाही, टीचर. मला जवळचंपण नीट दिसत नाही."

झालं! टीचरांचा पारा चढला, कारण इथेच पोरीची लबाडी उघडी पडली असं त्यांना वाटलं. चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत शास्त्रवाचन करणाऱ्यांची तयारी टीचरच घ्यायच्या. त्यांच्या सगळ्या वाचकांत प्रिन्सी उजवी होती. एवढा जाडजूड ग्रंथ, त्यातली ती बारीक अक्षरं, पण पोरगी एका शब्दाला अडखळायची नाही. मोठी माणसं "हिच्याकडून ऐकावं" म्हणायची.

"रविवारी अख्ख्या चर्चसमोर घडाघडा वाचतेस, आणि सोमवारी आंधळी होतेस?" टीचर म्हणाल्या. वर्ग हसला. प्रिन्सीने मान खाली घातली ती पुन्हा वर केली नाही. टीचरांनी फोन स्टाफरूमच्या कपाटात कुलूपबंद केला.

त्यानंतर तीन आठवडे गेले. सही करायला कुणीच आलं नाही. प्रिन्सीच्या वह्या कोऱ्या राहू लागल्या. घटक चाचणीत तिला वीसपैकी तीन मिळाले. सहामाही परीक्षा तोंडावर आली तसं तिचं येणंही कमी झालं, आणि एके दिवशी तिच्या बाकावरच्या मुलीने सांगितलं, "टीचर, प्रिन्सी शाळा सोडणार आहे." टीचरांनी नाक मुरडलं. फोनसाठी शाळा सोडणारी ही आजकालची पोरं, असं त्यांनी स्टाफरूममध्ये चारचौघांना ऐकवलंही.

पण चर्चमधलं वाचन प्रिन्सीने चुकवलं नाही. त्या रविवारी पहिलं वाचन तिचं होतं आणि दुसरं खुद्द डेल्फिन टीचरांचं. प्रिन्सी सावकाश पायऱ्या चढली, ग्रंथावर दोन्ही हात ठेवले आणि वाचू लागली. आवाज नेहमीसारखाच खणखणीत. वाचन संपलं, लोक एका सुरात "देवाला धन्यवाद" म्हणाले, आणि ती खाली उतरली.

टीचर वर गेल्या. ग्रंथ उघडाच होता. त्यांनी नजर टाकली आणि त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. पान गेल्या रविवारचं होतं. कुणीतरी खूण हलवायची विसरलं होतं. पोरीने आजचं वाचन शब्दन् शब्द बरोबर म्हटलं होतं, आणि तिच्या पुढ्यात पान होतं ते भलतंच. तिने वाचलंच नव्हतं. ती इतके महिने वाचतच नव्हती!

टीचरांनी पानं उलटली, आपलं वाचन सुरू केलं. सव्वीस वर्षं मुलांना अडखळल्याबद्दल ओरडणाऱ्या टीचर त्या दिवशी पहिल्याच ओळीत तीनदा अडखळल्या.

मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारातल्या क्रुसापाशी त्यांनी मायलेकींना गाठलं. प्रिन्सीची आई जीना कोळीवाड्यातली, मासळी विकणारी. टीचरांना पाहताच तिने पदर सावरला आणि पोरीला पाठीशी घेतलं.

"प्रिन्सी, ग्रंथ चुकीच्या पानावर उघडा होता," टीचर म्हणाल्या.

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. "टीचर, माझं वाचन काढून घेऊ नका. मी पाठ करते, पण एक शब्द बदलत नाही."

"दर गुरुवारपासून मीच वाचून दाखवते तिला," जीना पुढे झाली. "तिला मधोमध कायच दिसत नाय, टीचर, कडेकडेनं दिसते. वर्साच्या आत झालं हे. गोखिवऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेली, ते बोल्ले, चष्म्यानं कायपन होनार नाय. मोठ्ठं करून बघायचं, बस. म्हनून माझा फोन दिलता तिला."

"मग न्यायला का नाही आलात? मला सांगायचंत ना!"

"सांगितलं असतं तर तुमी बोल्ला असता, हिला आंधल्यांच्या शालेत घाला. मंग मी काय करनार होते? पोरगीपन बोल्ली, आई, नको जाऊस."

म्हणजे फोन आईचा होता. तीन आठवडे ही बाई गिऱ्हाइकांना फोन न करता दारोदार फिरून मासळी विकत होती, आणि पोरगी कोऱ्या वह्या घेऊन बसत होती. का, तर डेल्फिन टीचरांचा नियम कडक! टीचरांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, प्रिन्सीचा हात हातात घेतला.

"माझं चुकलं, बाळ. तू खरं सांगितलंस आणि मी सगळ्यांसमोर तुझं हसं केलं. मला माफ कर."

टीचर माफी मागतात हे प्रिन्सीला नवीन होतं. ती नुसती बघत राहिली, मान जराशी तिरकी करून. ही मान ती नेहमी तिरकी का करते, हे टीचरांना आत्ता कळलं. "पण मी परीक्षेला नाही बसणार," ती हळूच म्हणाली. "तीन आठवड्यांचं काहीच नाही माझ्याकडे."

"दहा दिवस आहेत. तू फक्त वर्गात ये. बाकीचं माझ्याकडे लागलं."

सोमवारी टीचर मुख्याध्यापकांकडे गेल्या. एकनाथ सर शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकलं, नियमांची फाईल काढली आणि चष्म्यावरून पाहत म्हणाले, "टीचर, हा नियम तुमच्याच अक्षरात आहे."

"मग माझ्याच अक्षरात खाली एक ओळ वाढवते," टीचर म्हणाल्या, आणि तिथल्या तिथे लिहिलीही. ज्याला शिकण्यासाठी फोन लागतो, त्याने तो उघडपणे बाकावर ठेवावा.

कपाटातला फोन परत मिळाला आणि प्रिन्सी पहिल्या बाकावर आली. वर्गाला टीचरांनी सगळं सांगितलं, प्रिन्सीला विचारून, आणि त्या दिवशी हसल्याबद्दल वर्गाच्या वतीने आणि स्वतःच्याही वतीने पुन्हा माफी मागितली. राहिलेला अभ्यास कसा भरून काढायचा हा प्रश्न होताच. टीचरांनी चांगल्या अक्षराच्या वह्या गोळा केल्या, पर्समधला फोन रुमालातून सोडवला आणि आयुष्यात पहिल्यांदा पानांचे फोटो काढायला बसल्या. पहिल्या अकरा फोटोंत त्यांचाच अंगठा होता. "टीचर, अंगठा सुंदर आला, भूमिती दिसत नाही," असं प्रिन्सीने कळवलं, आणि टीचर स्टाफरूममध्ये एकट्याच खो खो हसल्या. मग हात बसला. रोज संध्याकाळी चाळीसेक पानं जीनाच्या फोनवर जाऊ लागली. प्रिन्सी ती मोठी करून वाचायची आणि अडलं की बोलून प्रश्न पाठवायची. टीचरही बोलूनच उत्तर द्यायच्या. समोर फळा नसताना शिकवायचं तर प्रत्येक पायरी शब्दांत सांगावी लागते. आपण इतकी वर्षं अर्ध्या पायऱ्या नुसत्या लिहूनच सोडून देत होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं.

तरी परीक्षेला बसण्याचं प्रिन्सी काही बोलत नव्हती. टीचरही विचारत नव्हत्या. जबरदस्तीने एकदा काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं.

परीक्षेआधीचा शेवटचा तास समीकरणांचा होता. टीचरांनी फळ्यावर 5x − 4 = 2x + 8 लिहिलं आणि सोडवायला घेतलं. बाजू बदलली की चिन्ह बदलतं, हे वाक्य त्यांनी सव्वीस वर्षांत किती हजार वेळा म्हटलं असेल कोण जाणे. तेच म्हणत त्यांनी पुढची ओळ लिहिली. बावन्न मुलांनी ती मुकाट्याने वहीत उतरवून घेतली.

पहिल्या बाकावर फोन वर गेला, खाली आला. दोन बोटं फिरली. मग हात वर झाला.

"टीचर, चुकलं."

वह्यांवरच्या माना वर झाल्या. डेल्फिन टीचरांना "चुकलं" म्हणायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती.

"दुसऱ्या ओळीत, टीचर. तुम्ही आठ उणे चार लिहिलंय. उणे चार पलीकडे गेले ना, मग आठ अधिक चार पाहिजे." आणि जरा थांबून ती म्हणाली, "परवा पेपरात मी अधिकच लिहिणार आहे."

टीचर खडू घेऊन फळ्याकडे वळल्या. उणेचं अधिक करायला एक उभी रेघ पुरली असती. पण त्यांचे डोळे असे भरून आले होते की त्यांना ती ओळच सापडेना.

"थँक्यू, प्रिन्सी," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "कुठे आहे ते जरा सांग गं मला."

"अजून थोडं खाली, टीचर," प्रिन्सी म्हणाली. "हां, तिथेच."