मिक्सरवर उडणारं हेलिकॉप्टर

मैदानाच्या कुंपणापलीकडे नवं हॉस्पिटल उभं राहिलं आणि तिथे छोटी विमानं-हेलिकॉप्टरं उडवणाऱ्या मॉडेल क्लबने बैठकीत ठरवलं, की यापुढे तेलावरची इंजिनं बंद. आवाज नको, धूर नको; उडवायचं असेल त्याने विजेवरचं उडवावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. चीफ तेवढे उठून उभे राहिले, जमलेल्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि काही न बोलता निघून गेले. ज्याच्याशी बोलावं असं कोणी त्यांना त्या खोलीत दिसलं नाही.

त्यांची उभी हयात बचावपथकाच्या हेलिकॉप्टरांची देखभाल करण्यात गेली होती. हँगरचे मुख्य म्हणून ते निवृत्त झाले आणि 'चीफ' हा हुद्दा अंगाला चिकटला तो चिकटलाच. वैमानिकांना ते ड्रायव्हर म्हणत, डॉक्टरांना गोळीवाले. जावई फिजिओथेरपिस्ट होता, म्हणून तो मालिशवाला. हे सगळं तोंडावर. "मालिशवाले, जरा मीठ सरकवा इकडे," असं भर जेवणात म्हणायचे. जावई मीठ सरकवायचा. तो मनाला लावून घेत नाही असं सगळ्यांना वाटे, आणि चीफना त्याबद्दलही त्याची कीवच येई.

त्यात हा जावई त्याच मैदानावर विजेवरची छोटी हेलिकॉप्टरं उडवायचा. उलटी, सुलटी, गिरक्या घेत. चीफ पाठ करून बसत. "डास आहे का हेलिकॉप्टर आहे, एकदा ठरवा," एवढंच म्हणत.

चीफचं स्वतःचं मॉडेल म्हणजे बचावपथकाच्या त्यांच्या लाडक्या यंत्राची हुबेहूब छोटी प्रत होती. फायबरचं कवच, त्यावर एकेक रिव्हेट सुईच्या टोकाने उमटवलेला. आत स्ट्रेचर, दोरखंडाचं रीळ, वैमानिकांच्या खुर्च्यांवर शिवलेली कापडी गादी. वैमानिक मात्र बसवले नव्हते. त्यांच्याशिवाय ते जास्त शोभतं असं चीफचं म्हणणं. आता त्यातलं तेलाचं इंजिन काढून विजेवरचं मेकॅनिक्स बसवायचं होतं. मेकॅनिक्स म्हणजे कवचाच्या आतला सगळा जीव: मोटर, गिअर, मधला दांडा आणि वरची पाती धरणारा माथा, एका चौकटीत जोडलेला.

रविवारी मुलगी आणि जावई आले तेव्हा विषय निघालाच. जावयाने जपून सांगायला सुरुवात केली. एवढ्या जड कवचाला कसरतीचं मेकॅनिक्स चालणार नाही. ते दोन पात्यांवर भन्नाट वेगाने फिरण्यासाठी केलेलं असतं, आणि आपल्या मॉडेलला खऱ्यासारखी चार पाती आहेत. ती सावकाशच फिरवायला हवीत. म्हणजे मोटर मंद हवी, गिअर मोठा हवा, दांडा उंच हवा, आणि बंद कवचात गरम हवा बाहेर जायला वाट हवी.

चीफनी घास संपवला. "मिक्सर तो मिक्सर," ते म्हणाले. "चटणीचा काय आणि ज्यूसचा काय. त्यात निवड कसली करायची?"

मुलीने बापाचंच फटकळ तोंड घेतलं होतं. ती म्हणाली, "हँगरमध्ये कुणी असं बोललं असतं तर बाबा, तुम्ही त्याला झाडू मारायला लावलं असतं."

"हँगरमध्ये हेलिकॉप्टरं होती," चीफ म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी ते दुकानात गेले. दुकानदाराने दोनतीन मेकॅनिक्स काढून दाखवली, प्रत्येकाचं माहितीपत्रक पुढे केलं. पुस्तिका उघडल्याशिवाय ज्यांनी हयातीत एक नट आवळू दिला नाही, त्या चीफनी ती पत्रकं हाताने बाजूला सारली. कुठलं सगळ्यात ताकदवान, एवढं विचारलं, आणि जे दाखवलं ते उचललं. खोक्यावर चिकटवलेल्या कागदावर आगीच्या ज्वाळा काढल्या होत्या. चीफनी तो कागद वाटेतच फाडून टाकला, कारण असलं खोकं हातात घेऊन रस्त्याने चालायची त्यांना लाज वाटली.

मेकॅनिक्स कवचात बसेना. दांडा आखूड, चौकट रुंद. बॅटरी नाकाकडे जाईना. चीफनी केबिनच्या मागची भिंत करवतीने कापली. स्ट्रेचर काढावं लागलं, दोरखंडाचं रीळही. कवच कापताना आपला हात जराही कचरत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्याचा रागही त्यांनी विजेवरच काढला. छपरावर खऱ्या यंत्रासारख्या हवेच्या जाळ्या होत्या, पण त्या नुसत्या रंगवलेल्या; मागे फायबर बंदच होतं. तिकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मैदानावर त्या सकाळी बरीच माणसं जमली, कारण चीफ विजेवरचं उडवणार ही बातमी पसरली होती. जावई आणि मुलगी कडेला उभी होती. चीफनी रिमोट गळ्यात अडकवला. पाती फिरू लागली, यंत्र थोडं थरथरलं आणि वर उठलं. चीफच्या चेहऱ्यावर 'बघा, यात काय मोठंसं' असा भाव होता. यंत्र डोक्याच्या वर स्थिर झालं, हळूच पुढे सरकलं. जावई मात्र पुटपुटला, की वेगाची मोटर कशीबशी मंद चालवली आहे, तिला वीज मोजून देणारा आतला कंट्रोलर भाजून निघत असणार.

तेवढ्यात आवाजच बंद झाला. पाती नुसती रेंगाळली आणि यंत्र दगडासारखं खाली आलं. चाकं फाकली, शेपूट मुळातून मोडलं, पुढची काच लांब गवतात जाऊन पडली.

कोणी हसलं नाही. जावई पळत गेला, आधी बॅटरीची वायर काढली, मग गुडघ्यांवर बसून तुकडे गोळा करू लागला. चीफ सावकाश चालत आले.

"झालं समाधान?" ते म्हणाले. "हीच तुमची वीज."

जावई उठला. हातात शेपटीचा तुकडा होता. इतक्या वर्षांत तो सासऱ्यांशी ज्या आवाजात कधी बोलला नव्हता, त्या आवाजात बोलला. आवाज चढलेला नव्हता, उलट अगदी सपाट होता.

"वीज गेली नाही बाबा, तुमची शिस्त गेली. तुम्ही याला हेलिकॉप्टर मानलंच नाही. मिक्सर मानलंत आणि मिक्सरसारखं बसवलंत. माझा डास तरी मी पुस्तिका वाचून जोडतो. तुमच्यासारखं काम करणाऱ्याला मी माझ्या डासाला हात लावू देणार नाही."

त्याने तुकडा चीफच्या हातात ठेवला आणि गाडीकडे गेला. मुलगी क्षणभर थांबली. बापाकडे तिने अशा नजरेने पाहिलं, की तसं पाहणं तिला कोणी शिकवलं हे चीफना सांगायची गरज नव्हती.

त्यानंतर बरेच दिवस दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. चीफनी कवच टेबलावर आणून ठेवलं. कापलेल्या भिंतीची कड त्यांनी बोटाने चाचपली. कड वेडीवाकडी होती. असलं काम करणाऱ्या कितीतरी पोरांना त्यांनी हँगरबाहेर काढलं होतं, आणि काढताना दोन शब्द ऐकवले होते. तेच शब्द आता ते स्वतःला ऐकवत राहिले. त्यात त्यांनी काही सूट दिली नाही.

मग एका संध्याकाळी त्यांनी जावयाला फोन केला. खुशाली विचारली नाही. चार पात्यांना गिअर किती पटीचा लागतो, एवढंच विचारलं. जावयाने सांगितलं. "कशावरून?" चीफनी विचारलं. जावयाने कारण सांगितलं. "पुढचं?" असं करत ते तासभर बोलले आणि कोणीच कोणाची माफी मागितली नाही.

पुढच्या रविवारी जेवणाच्या टेबलावर ताटांऐवजी माहितीपत्रकं पसरली. चीफनी प्रत्येक ओळ वाचली आणि बहुतेक ओळींची लाज काढली. एक मेकॅनिक्स त्यांनी दांड्याला एक आधार कमी आहे एवढ्यावरून फेटाळलं. दुसऱ्याचा शेपटातला पंखा दांड्यावर चालणारा होता. जावयाला पट्ट्यावर चालणारा हवा होता, कारण तो साधा. यावर दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी चीफनी पट्टा मान्य केला, पण अट घातली, की मेकॅनिक्स खालून अख्खं बाहेर निघालं पाहिजे. दुरुस्तीसाठी केबिनला पुन्हा हात लागता कामा नये. ही गोष्ट जावयाच्या डोक्यात आलीच नव्हती. "बरोबर आहे," तो म्हणाला. "मला माहीत आहे," चीफ म्हणाले.

छपरावरच्या जाळ्यांमागचं फायबर चीफनीच कोरून काढलं. कापलेली भिंत पुन्हा उभारली, शेपूट सांधलं. स्ट्रेचर आपल्या जागी गेलं.

यावेळी त्यांनी कोणाला कळवलं नाही. मैदान जवळजवळ रिकामं होतं. चार पाती सावकाश फिरू लागली, आणि असा भारदस्त, खालच्या पट्टीतला आवाज आला, की चीफचे खांदे नकळत ताठ झाले. यंत्र उठलं, जड चालीने मैदानाला एक फेरी घातली आणि होतं तिथेच उतरलं. चीफनी लगेच कवचाला हात लावून पाहिलं. कोमट होतं. त्यांनी जावयाला खूण केली; त्यानेही हात लावला.

कुंपणाजवळ एक गृहस्थ केव्हाचे पाहत उभे होते. हॉस्पिटलमध्ये कोणाला तरी भेटायला आले असावेत. त्यांनी जवळ येऊन विचारलं, "मस्त ड्रोन आहे. कॅमेरा कुठे असतो याचा?"

चीफनी त्या गृहस्थांकडे पाहिलं. जावयानेही पाहिलं. मुलगी मागे बॅटऱ्या पिशवीत भरत होती. तिने मान वर केली तेव्हा तिला दोघांचे चेहरे शेजारी शेजारी दिसले: तीच वर गेलेली भुवई, तोच किंचित वाकडा ओठ, आणि उत्तर द्यायचेही कष्ट न घेण्याचा तोच निश्चय. ते गृहस्थ ओशाळून निघून गेले.

"हे असले लोक हॉस्पिटलात कशाला सोडतात?" चीफ म्हणाले.

"बरे होतील म्हणून," जावई म्हणाला आणि खाली बसून तपासणीसाठी मेकॅनिक्सचे बोल्ट सोडू लागला.