थोरला, धाकटा आणि वडील

"थांब. हा नेमका कोण? मघाशी मेला तो, की मारणारा?" आजोबांनी विचारलं.

सिस्टरने पुस्तक मांडीवर पालथं घातलं. कोरियन रहस्यकथेचा चारशे पानी अनुवाद होता आणि त्यातली सगळी नावं तिला एकसारखी वाटायची. तीन दिवस तिने नेटाने ती उच्चारली, चौथ्या दिवशी हात टेकले.

"आजोबा, आजपासून नावं बंद. हा थोरला, हा धाकटा, हे त्यांचे वडील. चालेल?"

"पळेल."

खरं तर ती सिस्टर नव्हतीच, आया होती. बावीस वर्षं घरोघरच्या म्हाताऱ्यांना अंघोळ घालत, भरवत, कुशीवर वळवत आली होती. लोक सिस्टर म्हणत आणि तीही खुशाल ओ देई. या आजोबांची नजर गेलेली, कान मात्र तिखट. दुपारी जेवणं झाली की वाचन. पुस्तकात मुडदे पडत आणि आजोबा मिटक्या मारत ऐकत.

नावं गेली आणि गोष्ट थेट घरात शिरली. कादंबरीतल्या थोरल्याने दारूच्या नशेत एकाला गाडीखाली चिरडलं होतं आणि वडिलांनी पोलिसांना धाकट्याचं नाव सांगितलं होतं. ते पान आलं तसा आजोबांनी हात वर केला.

"पुरे आज."

पुढचे तीन दिवस त्यांनी पुस्तकाचं नाव काढलं नाही. मग एका दुपारी, ती त्यांची नखं कापत असताना, आपणहून म्हणाले, "आमच्याकडेही हेच झालं गं. थोरल्याची नोकरी लागायची होती. धाकटा तसाही उनाड. म्हटलं, याचं काय बिघडणार आहे? दोन वर्षं आत काढली त्याने. सुटला तो इकडे फिरकलाच नाही."

सिस्टरचा हात थांबला. थोरला दर रविवारी मुलीला घेऊन यायचा. तिचा पगार तोच द्यायचा.

"पुस्तकातला बाप शेवटी काय करतो?" आजोबांनी विचारलं.

स्वयंपाकघरात जेवताना तिने पुढची पानं चोरून वाचली होती. पुस्तकातला बाप तोंड न उघडता मरतो. तिला आजोबांचा रागही आला होता आणि कीवही.

"कबूल करतो," तिने ठोकून दिलं. "धाकट्याला फोन करतो."

"मग लाव."

नंबर त्यांनी कुणा नातलगाकडून मिळवून पाठ केला होता. त्यांचा फोन थोरला तपासायचा, म्हणून तिने आपल्या फोनवरून लावला.

"गाडी तू चालवत नव्हतास," आजोबा म्हणाले. "मी खोटं बोललो."

स्पीकरवरून धाकट्याचा आवाज आला.

"बाबा, हे मला काय सांगता? मी होतोच की तिथे. दादाच्या मुलीला सांगा. ती मला खुनी समजते."

फोन ठेवल्याचा आवाज आला.

रविवारी आजोबांनी धुतलेला सदरा मागून घेतला. थोरला आला, मागोमाग त्याची कॉलेजातली मुलगी. आजोबांनी तिला पलंगाजवळ बसवलं आणि सगळं सांगितलं, गाळलं काहीच नाही. थोरल्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाबा, तुमचं डोकं ठिकाणावर नाही. असलं काहीबाही ऐकलं की असंच होणार." मग तो सिस्टरकडे वळला. "उद्यापासून तुम्ही येऊ नका."

असं होणार हे तिला माहीत होतं, तरी लागायचं ते लागलंच. आजोबांनी तिचा हात घट्ट धरला होता. तो तिने हळूच सोडवून घेतला.

बाहेर ती चपला घालत होती, तेवढ्यात थोरल्याची मुलगी आली. तिने दार ओढून घेतलं.

"काकांचा नंबर आहे ना तुमच्याकडे?"

सिस्टरने फोन उघडून सांगितला. घाईत टिपताना मुलीचा मधला आकडा चुकला.

"परत सांगता?"

सिस्टरने परत सांगितला, सावकाश, एकेक आकडा.