आधी पूजा, मग पाहणी

मी लाल चादर बोलतेय. अंथरायची नव्हे आणि पांघरायचीही नव्हे. मेहकरच्या बाहेर, मोठ्या रस्त्याला गाड्यांचं एक शोरूम आहे. तिथे नवी गाडी मालकाच्या ताब्यात देण्याआधी तिच्यावर घालतात ना, ती मी. मला ओढतात, फोटो निघतात, पेढे फिरतात. लोकांना वाटतं, मी शोभेची. पण माझं खरं काम झाकायचं आहे, आणि जे झाकून ठेवतात त्याचा मला जन्मापासून संशय येतो.

उकंडराव शिंप्यांनी मला शिवलं. शोरूमचा मॅनेजर देवेश माप द्यायला आला आणि म्हणाला, "चाकंसुद्धा दिसायला नकोत."

उकंडरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "नव्या गाडीले एवढं झाकाचं काऊन?"

देवेश नुसता हसला. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

देवेश तसा जिभेवर साखर ठेवून बोलणारा. पण त्याची रीत मी ओळखून आहे. आधी पूजा, मग पाहणी. घरच्या बाईने एकदा बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फुटला, की ती गाडी राहत नाही, लक्ष्मी होते. मग दाराला ओरखडा दिसला तरी माणसं गप्प. पुजलेली लक्ष्मी परत कशी करायची? एवढ्या एका प्रश्नावर देवेशचा धंदा सुखाने चालायचा.

साखरखेर्ड्याचे भगवंतराव भाजीपाला पिकवतात. होळीनंतर ते, बायको मंजुळाबाई आणि मुलगा अविनाश असे तिघे येऊन करड्या रंगाची गाडी ठरवून गेले. त्यांची जुनी जीप देवेशने बदल्यात ठेवून घेतली आणि अक्षय्य तृतीयेला नवी गाडी देतो असं लिहून दिलं. त्याच दिवसांत भगवंतरावांना अर्धांगवायूचा झटका आला. डॉक्टरांनी बजावलं, रोज मेहकरला आणून पायाला व्यायाम द्या, सुरुवातीचे महिनेच महत्त्वाचे. पण एसटीची पायरी त्यांना चढवेना आणि जीप तर देवेशने कधीच विकून टाकली होती. भाड्याची गाडी काही दिवस केली, ती परवडेना, मग व्यायामही सुटला.

अविनाश हेलपाटे घालायचा. "साहेब, गाडीचं काय झालं?"

"कंपनीकडूनच आली नाही हो," देवेशचं ठरलेलं उत्तर.

खोटं! धडधडीत खोटं! करडी गाडी वैशाखातच आली होती. मीच होते ना तिच्यावर! देवेशच्या ओळखीतल्या एका बड्या गिऱ्हाइकासमोर मला ओढलं आणि अविनाशची गाडी दुसऱ्याच्या दारात गेली. माझा नुसता जळफळाट झाला.

दसऱ्याला एकदाचं बोलावणं आलं. मला एका करड्या गाडीवर घातलं आणि मी शहारले. ही तर येणाऱ्या-जाणाऱ्याला चालवून बघायला देतात ती गाडी! धुऊनपुसून नवी करून उभी केलेली. अविनाशने वडिलांना आधार देत आणून शेजारच्या खुर्चीत बसवलं. मंजुळाबाईंच्या हातात पूजेचं ताट होतं.

"चला काकू, कुंकू लावा. मुहूर्त टळतोय," देवेश म्हणाला.

"मुहूर्त तं अक्षय्य तृतीयेचा व्हता. तो कोनं टाळला?"

मंजुळाबाईंनी ताट बाजूला ठेवलं, माझी कड वर केली, दार उघडून सीटखाली हात घातला. मूठभर टरफलं निघाली.

"नव्या गाडीत शेंगा कोनं खाल्ल्या, साहेब?"

अविनाश आत वाकला आणि स्टेअरिंगवरून बोट फिरवत थबकला. "आई, हा चरा माह्या कड्यानं पडला व्हता. बुकिंगच्या दिवशी मले चालवाले देल्ली, तीच गाडी हाय हे!"

आता देवेशचा सूर बदलला. "हीच घ्या, नाहीतर दिवाळीनंतर बघू. बुकिंग मोडलं तर पैसे कापले जातील."

अविनाशने वडिलांकडे पाहिलं. "आई, घेऊनच टाकू का? बाबाची ने-आण तरी होईन."

माझा धीर सुटला. पण मंजुळाबाई ढिम्म हलल्या नाहीत. "आज घेतली, तं या साहेबाचं खोटं आपल्या दारात उभं राह्यते. तू फोनवर इचारलं ना? सांग त्याहिले."

अविनाश ताठ झाला. "ग्राहकाच्या हेल्पलाइनवर इचारलं मी. तारीख लेखी हाय. उशीर तुमचा, मंग पैसे आमचे काऊन कापता? व्याजासकट वापस करा, जीपची भरपाई द्या. नाही तं बुलढाण्याले ग्राहक आयोगात जातो."

"थोडा उशीर झाला, मान्य," देवेश म्हणाला. "पण तुमचं असं नुकसान तरी काय झालं?"

मंजुळाबाई नवऱ्याकडे वळल्या. "अहो, साहेब इचारून राह्यले. उठून दाखवा."

भगवंतरावांनी उजव्या हाताने मला घट्ट धरलं आणि जोर लावला. तोंड लाल झालं, मानेच्या शिरा फुगल्या. डावा पाय जागचा हलला नाही. मी घसरत सगळीच्या सगळी खाली आले आणि अविनाशने त्यांना कसंबसं सावरलं. मला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

देवेशने खाली मान घालून सगळं लिहून दिलं. पाळेल का? मला शंकाच आहे. तृतीयेचंही त्याने लिहूनच दिलं होतं.

निघताना मंजुळाबाईंनी मला फरशीवरून उचललं, झटकलं, नीट घडी घालून देवेशच्या हातात दिलं. "घ्या. पुढच्या गिऱ्हाइकाले लागंन."

लागलेच. आज मी पुन्हा एका गाडीवर आहे आणि समोर कोणाचं तरी घर नवे कपडे घालून उभं आहे. बाबांनो, माझ्या लाल रंगाला भुलू नका. माझ्याखाली काय आहे ते मला ठाऊक आहे, पण शोरूममध्ये माझं कोण ऐकतं? तुम्हीच मला आधी उचलून बघा.