हौदातले जावईबापू

माणसं मासा घेऊन येतात आणि विचारतात, "बाई, हा कोण?" एकतीस वर्षं मी हेच ऐकतेय. पिशवीतून आणतात, डब्यातून आणतात, एका बाबाने तर शर्टात गुंडाळून आणला होता आणि वर मलाच म्हणाला, लवकर सांगा, शर्ट ओला झालाय. मत्स्य खात्याच्या कार्यालयात खिडकीशी माझं टेबल आहे. मासा बघायचा, नाव लिहायचं, शिक्का मारायचा. नाव बंदीच्या यादीतलं निघालं की मासा त्याच दिवशी संपवायचा, हा नियम. मग लोक हुज्जत घालतात, नीट बघा बाई, परत बघा. जसं काही मी शत्रुत्वच धरून बसलेय त्यांच्या माशाशी! डोळे गेले, कंबर गेली, निवृत्तीला चार महिने उरलेत आणि आता मला कुठलाच मासा ओळखायची हौस राहिलेली नाही.

म्हणून दादाचा फोन आला तेव्हा मी आधी वैतागलेच.

"अगं, तो आपला मासा," दादा म्हणाला. "बागेच्या तळ्यात सोडायचाय. ते म्हणतात, देशी असल्याची खात्याची चिठ्ठी आणा. तू एक ओळ लिहून दे की."

"का? घरी काय झालं?"

"गुडघे. हौदाचं पाणी बादलीने बदलावं लागतं. डॉक्टरांनी सांगितलंय, बादली दिसली तरी तोंड फिरवायचं. तळ्यात असला म्हणजे मी सकाळी बाकावर जाऊन बसेन, दिसेल तरी."

"फोटो पाठव."

"फोटोत मावत नाही गं."

वय झालं की माणसाला सगळंच मोठं दिसतं, असं मनाशी म्हटलं आणि रविवारी सकाळी निघाले. दादाचं घर माझ्या घरापासून बसने वीस मिनिटांवर. पिशवीत नेहमीचं सामान होतं, मोजपट्टी, चिठ्ठ्यांचं पुस्तक, शिक्का आणि लवंगेच्या तेलाची बाटली. ती बाटली कशासाठी असते ते आमच्या खात्यातल्या माणसालाच माहीत. पाण्यात थोडं घातलं की मासा गुंगतो, जास्त घातलं की उठत नाही.

मासा मीच दिलेला होता. आठ वर्षांपूर्वी खात्याने मागूरच्या पिल्लांची एक गाडी पकडली. मागूर म्हणजे मिशीवाला, चिवट मासा, पाण्याबाहेरही तास न् तास तग धरणारा. त्यात दोन जाती. एक आपली देशी, हातभर होऊन थांबते. दुसरी परकी, ती वाढत राहते आणि तळ्यातलं सगळं खाऊन फस्त करते. म्हणून तिच्यावर बंदी. त्या गाडीत दोन्ही मिसळलेली होती आणि निवडायला बसवलं मला. बोटाएवढं पिल्लू बघून नाव सांगू नये, वीतभर होऊ द्यावं, हे मीच नवीन मुलींना दटावून सांगायचे. पण दिवसभर टबात हात घालून बोटं पांढरी पडली होती, मला घरी जायचं होतं. मी रंगावर निवडली. काळसर ती आपली, करडी ती परकी. काळसरातलं एक बरणीत घालून जाता जाता वहिनीला दिलं. म्हटलं, घ्या, करमणूक होईल.

दादा-वहिनीला मूलबाळ नव्हतं. वहिनीने त्या पिल्लाचं नाव ठेवलं जावईबापू. म्हणायची, "मुलगी झाली नाही म्हणून काय झालं? जावई तर आलाय. खातो, पडून राहतो आणि काही विचारलं की नुसत्या मिशा हलवतो. अगदी अस्सल!" वहिनी होतीच तशी. दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून त्या घरात दादा ज्याच्याशी बोलतो असं कोणी असेल, तर जावईबापूच.

दादाने दार उघडलं. भिंतीला धरून चालत होता.

"चहा?"

"आधी मासा दाखव. मग निवांत पिऊ."

मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाशेजारी सिमेंटचा हौद होता, वर लोखंडी जाळी, जाळीवर दोन विटा. दादाने विटा बाजूला केल्या. मी वाकून बघितलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मासा. माझ्या खांद्यापासून बोटांपर्यंत हात धरला तर त्याहून वीतभर लांब.

"मोठा झालाय ना?" दादा कौतुकाने म्हणाला.

देशी मागूर एवढा होत नाही. त्याच्या बापजन्मात होत नाही. पण एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझंच मन मला म्हणालं, नीट बघा बाई, परत बघा. त्या गाडीत एखादं शिंगाळ्याचं पिल्लू आलं असेल. शिंगाळाही मिशीवाला, तोही मोठा होतो, आणि त्याच्यावर बंदी नाही. शिंगाळ्याच्या पाठीवर पुढे एक लहान पर असतो आणि मागे मांसल असा दुसरा. मागूरच्या पाठीवर डोक्यामागून शेपटीपर्यंत एकच लांब पर. मी बाह्या सरसावल्या, हात पाण्यात घातला. मासा हलला नाही, माणसाच्या हाताची सवय होती त्याला. डोक्यामागे बोट ठेवलं आणि पाठीवरून फिरवत नेलं. पर सुरू झाला. चालला, चालला, कुठे तुटेल म्हणून मी वाट बघत होते. थेट शेपटीशी जाऊन थांबला.

मागूरच होता. राहता राहिलं डोक्यामागचं हाड. देशीचं मागे निमुळतं होऊन एका टोकाला येतं, परक्याची कड नागमोडी असते. अंगठ्याने चाचपलं. नागमोडी. पुन्हा चाचपलं. हाड काय बदलणार होतं?

मी हात पुसत बसून राहिले. चिठ्ठीवर "देशी" लिहिलं असतं तर कोणी विचारलं नसतं. शिक्का माझा, सही माझी, चार महिन्यांनी मीही घरी. पण बागेच्या तळ्याचं जास्तीचं पाणी नाल्यातून नदीला जातं. परका मागूर शिरलेलं तळं मी बघितलंय. जाळं ओढलं तर त्यात दुसरं काही नव्हतं, नुसते हेच, एकावर एक. तेवढं पाप डोक्यावर घेऊन घरी बसायचं माझ्याच्याने झालं नसतं.

"दादा, हा आपला नाही," मी म्हटलं. "चुकी माझी आहे. मी तेव्हा नीट बघितलं नाही."

दादा धुण्याच्या दगडावर टेकला. गुडघा चोळू लागला.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"परका आहे ते. पाच वर्षं झाली. तुमच्या खात्याने बाजारात कागद चिकटवले होते, चित्र काढलेले. तुझ्या वहिनीने तो वाचला आणि घरी येऊन असाच हात फिरवला, तू आत्ता फिरवलास तसा. तेव्हाच जाळी करून घेतली, पळून जाऊ नये म्हणून."

मला संतापच आला. "आणि मला सांगितलं नाहीत? पाच वर्षं? मी रोज तिथे लोकांचे मासे बघत बसते आणि घरातल्यांनीच..."

"मी म्हटलं होतं तिला, फोन कर. ती म्हणाली, वन्संना फोनवर काय सांगायचं? उगीच मनाला लावून घेतील. त्या येतील ना कधीतरी अंगणात, तेव्हा त्यांचं त्यांना दिसेलच." दादा हौदाकडे बघत होता. "मग वाट बघत राहिली."

या घरी मी येत नव्हते असं नाही. यायचे. बाहेरच्या खोलीत बसायचे, पिशवी मांडीवरून खाली ठेवायचे नाही, निघते गं, फार दमलेय. वहिनी म्हणायची, वन्सं, जावईबापूंना भेटून जा की. मी म्हणायचे, दिवसभर मासेच बघून आलेय, पुढच्या वेळी. ती आजारी पडली तेव्हा दवाखान्यात गेले, तिथून परस्पर घरी. स्वयंपाकघर ओलांडलं की अंगण. पंधरा पावलं. आठ वर्षांत मी ती चालले नाही.

"वाटलं होतं, लिहून देशील देशी," दादा म्हणाला. "आपला म्हातारपणाचा हावरटपणा. राहू दे. नियम आहे तो आहे. आजच करावं लागेल ना?"

"हो."

"दुखतं का त्याला?"

"नाही. झोपतो."

दादा आत गेला आणि वाटीत खाणं घेऊन आला. जावईबापूंनी सगळं खाल्लं. मग मी बाटली उघडली. दादा म्हणाला, मी धरतो. गुडघे वाकत नव्हते तरी हौदाच्या कठड्याला छाती टेकून त्याने दोन्ही हात पाण्यात घातले. मी थेंब थेंब करत बाटली रिकामी केली. अंगणभर लवंगेचा वास पसरला. आधी मिशा थांबल्या, मग कल्ले हळू झाले. अर्धा तास गेला असेल. मी दादाच्या पाठीवर हात ठेवून उभी होते आणि माझी कंबर ठणकत होती, पण मी हलले नाही.

चिठ्ठी लिहिली. नाव, परका मागूर. कुठून आला या रकान्यात माझं नाव घातलं, खाली "ओळखण्यात चूक" असं लिहिलं आणि शिक्का मारला. चार महिन्यांत साहेब काय करायचं ते करोत.

मी पिशवी भरली. दादा दारापर्यंत भिंत धरून आला. त्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

"आता घरात मासा नाही गं," तो म्हणाला. "तरी येत जा."

हो म्हणायला मी तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं. पिशवी तिथेच खाली ठेवली आणि आत येऊन बसले.